वन्सं आणि छापखान्यातली मुलं

दुपारची जेवणं आटोपून मी ओटा धूत होते, तेव्हा सदा दारात येऊन उभा राहिला. सदा हा आमच्या वन्संचा, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा, जुना विद्यार्थी. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही आणि वन्संनी शिकवलेलं त्याचं बोलणं घसा दाटल्यासारखं, सवय असेल त्यालाच कळावं असं. त्याने दोन बोटांचं वेटोळं करून डोळ्यापाशी नेलं. चष्मा... मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत वन्संना मुलं या खुणेने ओळखत. मग तोच हात त्याने छातीवर ठेवला आणि खाली सोडून दिला. मी विचारलं, कुठे? माझे ओठ वाचून त्याने मोठ्या कष्टाने एक शब्द जुळवला, "छापखाना." एका मुलीला काम मिळतं का, हे विचारायला वन्सं त्याला बरोबर घेऊन गिरगावातल्याच एका छापखान्यात गेल्या होत्या. मालकांनी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. आत बोलावणं आलं तेव्हा त्या उठल्याच नाहीत. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या की, बाईंनी मूकबधिरांच्या सेवेत आयुष्य वेचलं. 'सेवा' या शब्दाचा वन्संना फार राग यायचा, म्हणून मी लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं शाळेत लागून दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा परळला. घरच्यांना ती नोकरी वाटतच नसे. सासूबाई शेजारणींना सांगत की, वेळ जात नाही म्हणून जाते. वन्संना स्थळं येत, पण मुलगी कुठे शिकवते हे कळलं की पुन्हा कोणी फिरकत नसे. घराण्यात काही असेल, अशी शंका लोकांना यायची. वन्सं या गोष्टी हसून सांगायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर वर्गात गेले होते. त्यांनी एका मुलीच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरली होती. 'प' म्हटलं की पट्टी हलते, 'म' म्हटलं की हलत नाही. मग 'म'साठी तिचा हात घेऊन आपल्या नाकाच्या शेंड्यावर ठेवायच्या, म्हणजे तिला आतली थरथर कळावी. अख्खी सकाळ त्या दोन अक्षरांत गेली. मी थकले, वन्सं थकल्या नाहीत. ती मुलगी 'माय' म्हणाली तेव्हा तो आवाज दार करकरल्यासारखा आला, आणि वन्संनी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पण शाळा संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांना खायचा. वर्षानुवर्षं मेहनत घेऊन मुलगा बोलता करायचा आणि मग त्याने चाळीच्या गॅलरीत बसून रस्ता बघायचा. शाळेच्या कमिटीचं म्हणणं होतं की, शिकवणं आपलं काम, नोकरी देणं नव्हे. वन्संनी मात्र पदर खोचला. गिरगावात गल्लोगल्ली छापखाने. आमच्या घरामागेच एक होता, आणि त्याची यंत्रं सुरू झाली की आम्ही घरातसुद्धा ओरडून बोलायचो. त्यावरून त्यांच्या डोक्यात आलं. त्या थेट नानासाहेबांकडे गेल्या. नानासाहेबांचा छापखाना मोठा, लग्नपत्रिकांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळं तिथे छापलं जाई. ते म्हणाले, बाई, ऐकू न येणारा माणूस मी छापखान्यात घेऊन काय करू? वन्सं म्हणाल्या, "नानासाहेब, तुमच्या या यंत्रांपुढे तुम्हाला तरी काय ऐकू येतं?" ते हसले, आणि शनिवारी मुलं पाठवा म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. शनिवारी शाळेतली मोठी मुलं छापखान्यात जाऊन खिळे, म्हणजे शिशाची सुटी उलटी अक्षरं, जुळवायला शिकू लागली. झिजलेले, टाकाऊ खिळे नानासाहेबांनी शाळेला दिले. लालबागच्या एका चाळीतल्या मंडळाने आपली खोली संध्याकाळी सरावाला दिली आणि मंडळातल्या बायकांनी पाळ्या लावून मुलांना परळहून तिथपर्यंत आणायचं अंगावर घेतलं. हळूहळू आणखी छापखाने तयार झाले. चार-पाच मुलं कायम कामाला लागली. त्यातला सदा सगळ्यांत तरबेज. त्याच चाळीतला, वडील गिरणीत. शिसं उलटं वाचायला इतरांना महिने लागतात. याचा तर सगळा जन्म दुसऱ्यांची तोंडं वाचण्यात गेला होता, त्याला त्या अक्षरांचं काही अवघड वाटलं नाही. त्याची आई गणपतीत आमच्याकडे मोदक घेऊन आली होती. वन्संना म्हणाली, "बाईनु, आदी सगळे ह्याका मुको म्हणीत. आता छापखान्यातलो सदा म्हणतत." वन्संना आयुष्यात एवढं मोठं प्रशस्तिपत्र दुसरं मिळालं नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. आमच्या घरातही तेच वारं होतं. वन्सं सभांना जायच्या, मलाही न्यायच्या. सदा नानासाहेबांच्या छापखान्यात पत्रकं जुळवत होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही अक्षरं त्याने इतक्यांदा लावली असतील की झोपेतही बोटं खिळ्यांच्या त्याच खणांकडे गेली असती. ती घोषणा त्याने कधी ऐकली मात्र नव्हती. गडबडीचे दिवस सुरू झाल्यावर वन्संनी नानासाहेबांना भेटून सांगितलं होतं की, काही झालं तरी सदाला एकट्याने सोडू नका, लालबागकडे जाणारं कोणी बरोबर द्या. त्यांनी शब्दही दिला होता.

त्या दिवशी भर दुपारी गोळीबार सुरू झाल्याची बातमी आली. नानासाहेब जिन्यात उभे राहून ओरडले की, कामं टाका आणि घरं गाठा. यंत्रं थांबली, माणसं धावत उतरली. सदा खिडकीशी, जिन्याकडे पाठ करून उभा होता. पायाखालची थरथर थांबली तेव्हा त्याने हातातली ओळ पुरी केली आणि मग मागे वळून पाहिलं. सगळं रिकामं होतं. तो एकटाच बाहेर पडला आणि नेहमीच्या रस्त्याने घरी निघाला. ज्यांना ऐकू येत होतं ते गल्लीबोळांत शिरले होते. एका नाक्यावर पोलिसांनी त्याला थांबून मागे फिरायला सांगितलं, शिट्ट्या मारल्या, असं पुढे पाहणाऱ्यांनी सांगितलं. तो चालत राहिला. गोळी उजव्या मनगटातून गेली.

इस्पितळात त्याच्याजवळ वन्संच बसून होत्या, कारण त्याच्याशी दुसरं कोणी बोलूच शकत नव्हतं. जबाब घ्यायला एक पोलीस अधिकारी आला. थांब म्हटल्यावर तो का थांबला नाही, असं त्याने विचारलं. त्याला ऐकू येत नाही, असं वन्संनी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की, मग अशा माणसाला रस्त्यावर सोडता कशाला? संध्याकाळी आंदोलनातली काही मंडळी हार घेऊन आली. आपलीच माणसं, तोंडओळखीची. त्यांना लिहायचं होतं की, हा तरुण घोषणा देत पुढे गेला आणि त्याने गोळी झेलली. वन्संनी हार बाजूला ठेवला. म्हणाल्या, "घोषणा त्याला देता येत नाही. तो कामावरून घरी चालला होता. तेवढंच लिहा." तेवढंच लिहून कोणाचं काही साधणार नव्हतं. एका बाजूने सदा दंगलखोर ठरला, दुसऱ्या बाजूने कोणीच ठरला नाही.

हाताची बोटं राहिली, पण ती वळत नाहीत. खिळे जुळवायला दोन्ही हात लागतात, एकात साचा धरायचा आणि दुसऱ्याने खिळा उचलायचा. तो बरा होऊन घरी आला त्याच सुमारास नानासाहेब आमच्याकडे आले. मी चहा केला होता. बराच वेळ ते राज्यकर्त्यांना शिव्या देत बसले. मग म्हणाले की, बाई, आता ही मुलं ठेवणं जोखमीचं आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? वन्संनी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जिन्यातून ओरडलात, नानासाहेब. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला किती वेळ लागला असता?" नानासाहेबांनी चहा अर्धा टाकला. गडबडीत राहून गेलं हो, एवढं म्हणून ते जिना उतरले.

त्यांच्या मागोमाग इतर छापखान्यांनीही मुलं परत पाठवली. कोणी भांडलं नाही, सगळ्यांनी हात जोडले. मंडळाची खोली आंदोलनाच्या कामाला लागली ती लागलीच, आणि तक्रार करावी असं ते कारणही नव्हतं. झिजलेल्या खिळ्यांनी भरलेले खोके शाळेने जिन्याखाली टाकले. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले की, तरी मी म्हणत होतो, अशा मुलांना घराबाहेर काढणं हीच क्रूरता आहे. हे वाक्य वन्संनी घरी येऊन मला सांगितलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढची सगळी वर्षं त्या शनिवारी दुपारी छापखाने पालथे घालत राहिल्या. सदाला बरोबर नेत. यांनी एकदा विचारलं की, ताई, त्या हाताकडे बघून लोक उलट घाबरतात, त्याला कशाला नेतेस? त्या म्हणाल्या, घाबरू देत, मी लपवणार नाही.

राज्य झालं त्या रात्री आमची सगळी गल्ली दिव्यांनी उजळली होती. खालच्या मजल्यावरून पेढे आले. वन्सं कठड्याला टेकून बघत होत्या. आनंद झाला होता त्यांना, खोटं कशाला सांगू... म्हणाल्या, "वहिनी, आता आपलं राज्य आलं. आता तरी कोणी विचारील." कोणी विचारलं नाही. म्हणून मालती नावाच्या एका हुशार मुलीसाठी, पुस्तकबांधणीचं काम मिळावं म्हणून, त्या पुन्हा नानासाहेबांच्याच दारी गेल्या. ज्या बाकावरून त्या उठल्या नाहीत, तो तिथलाच.

शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. अध्यक्ष नानासाहेब. मुलांना पुढच्या रांगेत बसवलं होतं आणि बोलणाऱ्यासमोर मायक्रोफोन ठेवला होता, बरोबर तोंडापुढे. मुलांना वक्त्यांचे ओठ दिसतच नव्हते. ती शहाण्यासारखी बसून त्या लोखंडी जाळीकडे बघत होती. नानासाहेब बराच वेळ बोलले, दोनदा त्यांना भरूनही आलं. "बाईंच्या मुलांसाठी आमच्या छापखान्याची दारं सदैव उघडी होती आणि राहतील," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्यांसाठी वर गेलेले हात पाहून मुलांनीही टाळ्या वाजवल्या.

सदा माझ्या शेजारी होता. काय म्हणाले, असं त्याने मला विचारलं. वन्संबरोबर राहिलेल्या माणसाला एक सवय लागते. बोलायचं तर आपण उजेडाकडे तोंड करायचं, म्हणजे समोरच्याला ओठ दिसतात. आमच्या घरात अजूनही कोणी पाठमोरं बोलत नाही, माझी लहान मुलंसुद्धा चुलीपाशी माझ्याशी बोलायचं तर आधी खिडकीकडे वळतात. मी त्याला उठवून खिडकीशी नेलं, उजेडात उभी राहिले आणि नानासाहेबांचं वाक्य एकेक शब्द सुटा करून त्याला सांगितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली, मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याला वाटत होतं, आपल्याच वाचण्यात काहीतरी चुकतं आहे.