मूर्तिजापूरपर्यंतची गरम हवा

भूत, भानामती, करणी यांवर माझा विश्वास नाही. कधी नव्हता. उलट अंगारे-धुपारे करणाऱ्यांच्या विरोधात मी स्वतः पत्रकं लिहून अमरावतीच्या बाजारात वाटली आहेत, आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या आहेत. तरी हे तुमच्या मासिकातल्या वाचकांच्या अनुभवांच्या सदराकडे पाठवतो आहे, कारण दुसरीकडे कुठं पाठवावं ते कळत नाही.

आम्ही वलगावचे, भाजीपाला पिकवणारे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करी लिलावातून किसनमामांनी एक पिकअप घेतली. पुढं तिघांपुरती केबिन, मागं उघडा हौदा. अकोल्याच्या बाजारात वांगी-कोबी न्यायला. त्या गाडीत पायांपाशी एक हीटर होता. वऱ्हाडात हीटर! गाव हसून हसून बेजार. ‘‘किसन, जेठात पावणे आले की बसव त्याईले याच्यात, परत येनार नाहीत.’’ घेतली त्या दिवशी गंमत म्हणून स्विच दाबला, गरम हवा आली... मग वर्षभर त्याला कुणी हात लावला नाही.

या पौषात माझी धाकटी बहीण वेणू आमच्याकडं बाळंत झाली. सातव्या महिन्यात. मुलगा — ओंजळीत मावेल एवढा. अमरावतीच्या दवाखान्यात नेला, तर डॉक्टरीण रजेवर! कंपाउंडर म्हणाला, ‘‘ऊब तुटू देऊ नका. अकोल्याले एक बाई आहेत, अशी पोरं जगवतात.’’ साहेबाच्या सैनिकाचे पाय गारठू नयेत म्हणून गाडीत यंत्र बसतं, आणि आख्ख्या जिल्ह्याच्या बायकांना एक डॉक्टरीण, तीही रजेवर. यावर पत्रक लिहायचं मी तिथंच ठरवलं होतं.

उजाडता उजाडता निघालो. धुकं, अंगात शिरणारं वारं. मामांनी स्विच दाबला, आणि खरंच गरम हवा आली! बडनेऱ्यापर्यंत काचा सुकल्या. मामांनी कानाची मफलर काढली. वेणूनं बाळाचे तळवे त्या हवेपुढं धरले.

‘‘दादा, पाय न, लाल होऊन राह्यले!’’

‘‘होतीन नाही त काय! मामाची गाडी आहे,’’ मामा म्हणाले.

मूर्तिजापूर ओलांडलं आणि वेणू एकदम म्हणाली, ‘‘मामा, थंडी हवा काहून येऊन राह्यली?’’

मी हवेपुढं हात धरला. पंखा फिरत होता, वारा तसाच जोरात, पण गार. विहिरीतल्या वाऱ्यासारखा गार.

गाडी थांबवली, बॉनेट उघडलं. याची रीत साधी आहे — इंजिनातलं उकळतं पाणी एका रबरी नळीतून हीटरच्या पेटीत जातं, दुसरीतून परत येतं, आणि पंखा त्या पेटीवरून हवा ढकलतो. पाणी कमी असेल म्हणून मामांनी फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. काठोकाठ भरलेलं. इंजिनाशी नळीत पाणी सोडणारा कॉक होता, तोही उघडा. मग नळ्यांना हात लावला. जाणारी नळी चटका देणारी. येणारी नळी दगडासारखी थंड.

‘‘मंधात तुंबलं,’’ मामा म्हणाले. कॉक बंद करून त्यांनी दोन्ही नळ्या सोडवल्या, गार नळीला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. पलीकडं काही निघालं नाही.

‘‘लवकर करा न मामा!’’ वेणू केबिनमधून ओरडली.

‘‘करून राह्यलो न बाप्पा, जीव का देऊ?’’

जिनिंग गिरणीकडं जाणारी कापसाची बैलगाडी आली. गाडीवानानं डोकावून पाहिलं, काही न विचारता मला म्हणाला, ‘‘उभा काय राह्यला बे? घे न!’’ आणि कवेत मावेल तेवढा कापूस काढून दिला. वेणूनं बाळाला त्यात गुंडाळून पोटाशी धरलं. नळ्या जोडल्या आणि मामांनी गाडी पळवली... पण अकोल्याच्या अलीकडंच वेणूनं बाळाच्या तोंडावर पदर ओढला. आम्ही समजलो.

मला गुन्हेगार हवा होता. लिलावातला माल विकणारा व्यापारी — त्याच्यावर असं पत्रक काढीन की तोंड दाखवायला जागा उरणार नाही! म्हणून दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन गाडी अकोल्याच्या एका मिस्त्रीकडं नेली. त्यानं पेटी काढून कापली. आतल्या बारीक नळ्या क्षाराच्या पांढऱ्या खड्यानं गच्च, टोकापासून टोकापर्यंत.

‘‘पानी कुठचं घालता?’’

मामा पुटपुटले, ‘‘मूर्तिजापूरच्या पुढची हीर. रस्त्यावरच आहे न, म्हनून.’’

खारपाण पट्ट्यातली विहीर. ढोरंसुद्धा तोंड फिरवतात ते पाणी मामा वर्षभर इंजिनाला पाजत होते.

मी म्हणालो, ‘‘म्हणजे काल मूर्तिजापूरला तुंबलं.’’

मिस्त्री हसला. ‘‘काल? हे गोटा झालं आहे, भाऊ. सहा-सात महिने झाले असतीन. यातून थेंब जानार नाही.’’

‘‘पण काल गरम हवा येत होती!’’

‘‘नाही येऊ शकत.’’

‘‘आम्ही तिघांनी —’’

‘‘इंजिनची धग लागली असंन.’’

मग मूर्तिजापूरनंतर इंजिन तसंच तापलेलं असताना ती धग कुठं गेली? आणि काचा सुकवणारा, पंख्यातून येणारा तो वारा? त्यानं पेटी माझ्या हातात दिली. मी आणखी दोन मिस्त्र्यांना ती पेटी दाखवली. दोघंही तेच म्हणाले.

पत्रक लिहायला अनेकदा बसलो. व्यापाऱ्यावर लिहिता येत नाही, पेटी मामांच्या पाण्यानं गेली. मामांवर लिहिता येत नाही, कारण ती पेटी आधीच मेलेली होती, तरी मूर्तिजापूरपर्यंत तिनं ऊब दिली. त्या दिवशी बिघडायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. माझ्याकडं खुलासा नाही. कुणाकडं असेल तर जरूर लिहावं, पण दैव, पुण्याई, पितर हे शब्द मला पाठवू नयेत.

वेणूला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘जे कोन होतं, त्यानं मूर्तिजापूरले सोडलं काहून, दादा?’’