नऊ वाजून बारा मिनिटांचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, वर्गातल्या कुणाला नाही. आणि बसूला — ज्याच्याबरोबर तीन वर्षं एका खोलीत राहिलो त्या बसवराजला — त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. तुम्ही समोर बसून ऐकताय असं धरून बोलतो. मध्ये मध्ये अडखळेन.

फोटोंपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

मी रेणापूरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात बघण्यासारखं काही नाही. त्यामुळे असेल, नांदेडला शिकायला आल्यावर मला दुसऱ्यांच्या घरांचं वेड लागलं. विष्णुपुरीला आमची खोली होती. रविवारी एसटी धरायची आणि कंधार, देगलूर, औसा, कुठंही उतरायचं. दगडी कमानी, सागवानी दारं, दारांवरची पितळी फुलं, चुन्यातले कोनाडे. कॅमेरा आमच्या एका सरांचा होता, जुना. तो गळ्यात असला की लोक वेगळ्या नजरेनं बघायचे. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं विचारायची, ‘सर, पेपरात येणार का हे?’ मला कुणी सर म्हणतंय! ते मला गोड लागायचं. हे बचाव म्हणून सांगत नाही. लागायचं, एवढंच.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजात फोटोंची स्पर्धा लागली. विषय होता लहान गावांतली घरं. बसू म्हणाला, ‘आमच्या घरी चल की उदगीरला. आमचं दार बघितलास तर येडा होशील.’

बसूच्या वडिलांचं उदगीरला किराणा दुकान. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. घर किल्ल्याकडच्या एका गल्लीत. रस्त्यावरच्या मोठ्या दारातून आत गेलं की ढाळज, म्हणजे छपराखालची बसायची जागा. येणारा-जाणारा तिथंच टेकायचा. ढाळजेच्या आतल्या भिंतीत दुसरं दार, घरात जायचं. त्या दाराबद्दल बसू खोटं बोलला नव्हता. चौकटीवर नंदी कोरलेला, दोन्ही बाजूंना कमळं, वर चुन्याची वेल. दिवाळीला चुना दिलेला होता, भिंत पांढरीशुभ्र.

फक्त दाराच्या उजव्या हाताला एक तुकडा चुना न देताच सोडलेला. दोन पराती मावतील एवढा. पिवळट पडलेला. त्यावर गेरू आणि निळीनं लग्नाचं लिहिलेलं होतं, आमच्याकडं लग्नघराच्या भिंतीवर लिहितात तसं. केळीचे खांब, नवरा-नवरीची नावं, खाली दोन पोपट. बरंच फिकं झालेलं. ‘चि. सौ. कां. शिवकांता’ एवढं नीट वाचता येत होतं.

मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, चुना देणाऱ्यानं आळस केला.

आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचलो होतो. फोटो रविवारी सकाळी काढायचे ठरले, कारण ढाळजेत ऊन येतं ते सकाळी नऊच्या सुमाराला, तेही अर्धा तास. रस्त्यावरच्या दारातून ते सरळ आतल्या उंबऱ्यावर पडतं आणि सरकत निघून जातं. त्या दिवशी अप्पा पहाटेच लिंगपूजा उरकून दुकानाला गेले होते. बसूचा थोरला भाऊ माल आणायला लातूरला. अव्वा, म्हणजे बसूची आई, आत पूजेला बसलेली. बसू नाश्त्याला सुशीला करायला चुरमुरे आणतो म्हणून दुकानाकडं गेला, तिथंच रमला. बसूची वहिनी, मंगल वहिनी, अप्पा गेल्यावर ढाळज धुऊन आता मागच्या अंगणात भांडी घासत होती.

पहिला फोटो मी नऊ वाजून बारा मिनिटांनी काढला. बघितला. दार सुंदर, ऊन सुंदर — आणि नजर जायची ती थेट त्या पिवळ्या तुकड्यावर. डावीकडून बघितलं, खाली बसून बघितलं. तो तुकडा काही केल्या फोटोच्या चौकटीबाहेर जाईना. ऊन तर सरकत होतं.

मी मागं गेलो. ‘वहिनी, तांब्याभर पाणी देता का?’

‘चहा टाकू का भाऊजी?’

‘नको, पाणीच.’

तिनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि तांब्या भरून दिला.

मी रुमाल भिजवला. किती सहज निघालं ते! गेरूत डिंक घातलेला नसावा. आधी केळी गेल्या, मग नावं, शेवटी पोपट. ओल्या भिंतीला एक गडद, जुनाट रंग आला. मी म्हटलं, वा. खरंच म्हटलं, तोंडानं. नऊ चौतीसला दुसरा फोटो काढला. मला इतका आनंद झाला होता — तो आनंद आठवला की आता मला स्वतःची किळस येते.

पण हा माझा कबुलीजबाब नाही. इथवर मी फक्त अडाणी होतो. दुसऱ्याच्या भिंतीला न विचारता हात लावणारा, कॅमेऱ्याच्या तोऱ्यातला अडाणी. त्याला माफ करणारं कुणीतरी भेटलं असतं. पुढचं सांगायचंय.

अप्पा बसूला घेऊन जेवायला घरी आले. ढाळजेत आले की ते त्या तुकड्याखालीच चपला काढायचे, हे मला तेव्हा कळलं. एक चप्पल काढली आणि दुसरी तशीच पायात ठेवून उभे राहिले. ओरडले नाहीत. हात लावून बघितला भिंतीला. मग म्हणाले, ‘हे कुणी पुसलं?’

अव्वा आतून आली. तिनं बघितलं आणि ती खालीच बसली. ‘लेकीच्या हातचं एवढंच राहिलं होतं की वो! एवढंच होतं की!’

तेव्हा मला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं. बसूला एक बहीण होती, ती वारली, हे मला माहीत होतं. तो तिला फक्त ताई म्हणायचा. नाव मी कधी विचारलंच नव्हतं. बाकीचं बसूनं परतीच्या एसटीत सांगितलं. ताई शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची, इतकं वळणदार अक्षर. तिच्या लग्नाला ठरवलेला पेंटर तापानं पडला, तर हिनंच पदर खोचून गेरू कालवला आणि स्वतःच्या लग्नाचं स्वतः लिहिलं. गल्लीतल्या बाया हसल्या — ‘बघा गं, नवरीच पेंटर!’ एका पोपटाची चोच वाकडी आली, त्यावरून तिला हळदीपर्यंत चिडवलं. दीड वर्षानं बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. तेव्हापासून दर दिवाळीला सगळ्या भिंतीला चुना द्यायचा आणि तेवढा तुकडा सोडायचा. कुंचला अप्पा स्वतः धरायचे तिथं, कडेकडेनं. कुणाचा आळस नव्हता तो.

पण मी एसटीत नव्हतो अजून. मी ढाळजेत उभा होतो.

अव्वानं मंगल वहिनीकडं बघितलं. ‘तूच म्हणली होतीस की पंचमीला, एकदा सगळीच भिंत पांढरी करून टाकू म्हणून? भाऊ येणार होता तुझा, तवा?’

‘म्हणले होते अव्वा. पण मी पुसले न्हाई. शपथ घालते.’

‘सकाळी ढाळज कुणी धुतली?’

‘मी धुतले. भिंतीला हात लावले न्हाई.’ आणि मग तिला आठवलं. ‘भाऊजीनी तांब्याभर पाणी मागितलं होतं. तेवढं दिलं मी.’

सगळे माझ्याकडं वळले. बसूसुद्धा. रागानं नाही, तशीच नजर गेली. रुमाल माझ्या खिशात होता, ओला, गेरूनं लाल झालेला. मांडीला त्याचा गार स्पर्श लागत होता. एक शब्द बोलायचा होता. मी बोललोही.

‘प्यायला,’ मी म्हणालो. ‘प्यायला मागितलं होतं मी. मी फोटो काढायला आलो तेव्हा पुसलेलंच होतं.’

पाहुण्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? शिकलेला पोरगा, गळ्यात कॅमेरा. आणि ती सून, जिनं कधीतरी भिंत पांढरी करू म्हटलं होतं. अप्पांनी दुसरी चप्पल काढली आणि ते आत गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, ‘आता काय करतंव.’

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं होतं, मला नक्की माहीत आहे. जेवायला वाढलं तेव्हा तिनं माझ्या ताटाशेजारी काठोकाठ भरलेला तांब्या आणून ठेवला. ‘प्या भाऊजी,’ म्हणाली. ‘पोटभर प्या.’

मी प्यालो. सगळ्यांसमोर, सगळा.

तुम्हाला वाटेल, झालं आता. मलाही वाटलं होतं. पण अजून एक आहे. याच्यापुढं ‘प्यायला’ हा शब्दसुद्धा लहान आहे.

नऊ चौतीसचा फोटो स्पर्धेत पहिला आला. मोठा करून कॉलेजच्या जिन्याजवळ लावला. सर पोरांना थांबवून दाखवायचे, ‘दार सगळेच काढतात. भिंत बघा, भिंतीचा पोत बघा.’ तो पोत म्हणजे माझ्या रुमालाचे फराटे होते. बसू सगळ्यांना सांगायचा, आमचं घर आहे हे. त्यानं एक प्रत चौकट करून घरी नेली.

त्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. बसूच्या फोनवरून, पण माझ्यासाठी. आम्हा पोरांना ते तम्मा म्हणायचे. ‘तम्मा, फोटू लई झकास काढलास रे. एक विचारायचं होतं. ह्याच्या आधी एखादा काढला न्हाईस का? तुम्ही आल्या दिवशी, संध्याकाळी? ते लिहिलेलं असतानाचा?’

घरात त्या लिखाणाचा एकही फोटो नव्हता. रोजच समोर असलेल्या भिंतीचा फोटो कोण काढतं?

माझ्याकडं होता. नऊ वाजून बारा मिनिटांचा. त्यात सगळं स्पष्ट आहे — ‘शिवकांता’मधला गोल ‘श’, केळीचे खांब, वाकड्या चोचीचा पोपट. आणि उंबऱ्यावर ऊन. तेच ऊन. त्या घरात जन्म काढलेल्या माणसाला ते ऊन कधी येतं हे घड्याळाशिवाय कळतं. फोटो दिला असता तर अप्पांनी एकदा बघून ओळखलं असतं, की वहिनीनं ढाळज धुऊन कितीतरी वेळ झाल्यावरही लिहिलेलं जागेवर होतं. आणि त्या वेळी ढाळजेत कोण होतं.

‘न्हाई अप्पा,’ मी म्हणालो. ‘आधीचा न्हाई काढला.’

‘बरं बरं,’ ते म्हणाले. ‘आपलं विचारलं. अभ्यास कर.’

एका बापाला त्याच्या मेलेल्या लेकीचं अक्षर परत देता येत होतं. मी दिलं नाही. का? माझं नाव खराब होईल म्हणून. बसूनं खोली बदलली असती म्हणून. जिन्याजवळचा फोटो काढून घेतला असता म्हणून. दुसरं कुठलंही कारण नाही. मी तीन वर्षं शोधलं, सापडलं नाही.

मधल्या काळात तो फोटो मी दोनदा पुसून टाकायला बसलो. बोट पुढं झालंच नाही. याला तुम्ही चांगुलपणा समजू नका. पुसायचाही नाही आणि द्यायचाही नाही, एवढीच माझी हिंमत.

मागच्या महिन्यात अप्पा गेले. आम्ही मित्र भेटायला गेलो. ढाळजेत सतरंजी टाकलेली होती. त्या तुकड्याला आता चुना दिलेला आहे, आणि बरोबर त्या जागी माझा फोटो टांगलेला आहे. अप्पांनीच टांगला म्हणे. मी त्याच्याखाली चपला काढल्या.

भेटायला आलेल्या बायांपाशी अव्वा जुनं काढून रडत होती. ‘लेकीचं लिहिलेलंसुद्धा ठेवलं न्हाई हिनं.’ हिनं म्हणजे मंगल वहिनीनं. वहिनी तिथंच होती, चहाचे कप उचलत होती. तिनं मान वर केली नाही. मलाही चहा दिला, बाकीच्यांना दिला तसाच. आता सवय झाली असावी.

आणि निघताना बसू म्हणाला, तो सहज बोलला, त्याला काय माहीत — ‘अप्पा लई हट्टी रे. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते, सगळं वहिनीनं केलं. पण पाणी काय तिच्या हातनं घेतलं न्हाई. त्या दिवसापासनंच घेत नव्हते. अव्वा नसली तर तसेच तहानलेले पडून राहायचे, म्हणे. ती तांब्या घेऊन उभी, आणि हे भिंतीकडं तोंड करून.’

मी बसूच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला, हो.

नऊ बाराच्या फोटोच्या दोन प्रती मी काल काढून आणल्या. समोरच ठेवल्यात. लिहिता लिहिता बघतोय. चोच खरंच वाकडी आहे, गंमतशीर. एक प्रत अव्वाची, एक मंगल वहिनीची. ज्यानं मागितला होता त्याची प्रत आता काढता येत नाही.

रविवारची उदगीरची एसटी सकाळी आहे. ढाळजेत सगळे असतील — अव्वा, दोघं भाऊ, वहिनी. काय बोलायचं ते बरेचदा जुळवून बघितलं. मोठं मोठं झालं की खोटं वाटतं. शेवटी दोनच वाक्यं उरली. ती त्या दिवशीच्या दुपारी तिथंच बोलायची होती.

वहिनींनी मला तांब्याभर पाणी दिलं होतं. ते मी प्यालो नव्हतो.