पांढऱ्या सुताचं पाणी

स्वच्छ धंदा केला की बरकत येते, असं लोक म्हणतात. खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हे सांगणारे जसं गोड हसून सांगतात, तसं मला सांगता येत नाही. मला अजून राग येतो.

परतूरपासून चालत जाता येईल अशा आमच्या गावात सूत रंगवायचा एक कारखाना होता. आम्ही वीसेक बाया तिथं कामाला. सुताच्या लडी बांधायच्या, हौदात बुडवायच्या, पिळून दोरीवर टाकायच्या. संध्याकाळी हात कोपरापर्यंत लाल, नाहीतर निळे. उरलेलं रंगाचं पाणी मालक मागच्या नाल्यात सोडायचे, आणि तो नाला आमच्या वस्तीच्या विहिरीला खेटून जायचा.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पण विहिरी वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. कारखान्याची विहीर वरच्या अंगाला. तिथून हौदात आलेल्या पाण्यात आमचे हात दिवसभर चालायचे, पण त्या विहिरीत आमची घागर चालायची नाही. याचं कुणाला हसूही येत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात पाणी तळाला गेलं आणि आमच्या विहिरीला रंग चढला. आधी पिवळसर, मग गुलाबी. आईनं दीक्षेसाठी घेतलेलं पांढरं लुगडं मी त्या पाण्यात धुतलं, तर वाळल्यावर त्याच्यावर गुलाबी झाक. आईनं ते तसंच घडी घालून ठेवलं. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांची पोटं तर महिनाभर बिघडलेलीच होती. तसलंच पाणी घागरीत भरून मी मालकापुढं नेऊन ठेवलं.

"मालक, हे आम्ही पिऊन राह्यलो. रंगाचं पाणी नाल्यात सोडू नका. खड्डा करा."

मालक कधी आवाज चढवत नसत. गोडच बोलायचे. "खड्ड्याला खर्चा लागतो बाई. अन् तुमची विहीर येगळी, आमची येगळी. आमचं पाणी बघ, बिलकुल आरशावानी. मंग कारखान्याचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी मी निमूट कामावर गेले. न जाऊन करते काय? पण घागर तिथंच ठेवून आले होते.

उन्हाळ्यात मालकांनी आपली विहीर आणखी खोल नेली. इंजिन दिवसभर उपसा करायचं. वरती त्यांनी विहिरी वेगळ्या ठेवल्या, पण जमिनीखाली कुंपण घालायचं राहून गेलं. खोल गेलेल्या विहिरीनं चहूकडचं पाणी ओढलं, त्यात नाल्याचंही आलं. मालकाचा खरा नफा होता न रंगवता नुसतं धुऊन विकलेल्या पांढऱ्या सुतात. जालन्याला मस्तगडच्या एका व्यापाऱ्याकडं ते जायचं. त्यानं एक खेप परत पाठवली, मग दुसरी. तिसऱ्यांदा तो स्वतःच आला आणि मळकट गुलाबी लडी मालकापुढं टाकल्या.

मालक आमच्याकडं वळले. "ह्या बाया हात न धुता लडी धरतात."

व्यापाऱ्याच्या चहाची पांढरी बशी तिथं होती. ती उचलून मी सरळ कारखान्याच्या विहिरीवर गेले आणि पोहरा आत सोडला. आयुष्यात पहिल्यांदा. मागून मुकादम ओरडला, "अगं, विहीर बाटवली की!"

"मी बाटवायच्या आधीच बाटली हाय," मी म्हणाले, आणि पोहऱ्यातलं पाणी बशीत ओतून व्यापाऱ्याच्या हातात दिलं. पांढऱ्या बशीत त्याची गुलाबी झाक लपेना. "बघा. हे आमच्या हाताचं न्हाई, ह्यांच्या नाल्याचं हाय."

व्यापाऱ्यानं बशी खाली ठेवली. "पाणी सुधरा, मंग माल घेऊ," एवढं बोलून तो निघून गेला.

आठ दिवसांत दोन मोठे खड्डे झाले. खर्चा कुठून आला ते विचारायची गरज नव्हती. पुढच्या दोन पावसाळ्यांत विहिरी निवळल्या, आमचीही. पांढरं सूत पुन्हा जायला लागलं, आधीपेक्षा जास्त. मग मालकांच्या सत्काराला एक सरकारी साहेब गावात आले. झेंडूच्या माळा लागल्या. पाणी जपलं म्हणून धंदा वाढला, सगळ्यांनी ह्या मालकांचा कित्ता गिरवावा, असं ते बोलले. टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले.

"साहेब, आमची विहीर मालकानं न्हाई, पांढऱ्या सुतानं वाचवली. उद्या ह्यांनी नुसतं काळं सूत रंगवायचं ठरवलं, तर आम्ही काय प्यायचं?"

साहेबांनी मालकांकडं पाहिलं. मालक गळ्यातला हार सारखा करत बसले.

त्याच दिवशी आम्ही बायांनीच ठरवून टाकलं. रोज कामाआधी आमच्यातल्या एकीनं नाल्यावर जाऊन पाणी बघायचं. रंग दिसला, तर त्या दिवशी एकही लड भिजणार नाही. काळी असो की पांढरी.

वर्षभरात तशी सकाळ आलीच. दोन्ही खड्डे भरले होते आणि मुकादमानं गुपचूप नाल्याकडं पाट काढला होता. आम्ही सगळ्याजणी फाटकाबाहेर मातीत बसलो. मालक पहिल्यांदाच ओरडले. काळ्या सुताची मोठी मागणी होती, तिला पाणी कसलंही चाललं असतं. "व्यापाऱ्याला न्हाई, तर तुम्हाला काय त्रास हाय?" असं ते तीनदा म्हणाले. आम्ही जागच्या हललो नाही. दुपारी ऊन डोक्यावर आलं, तेव्हा मालकांनी धोतर खोचलं, स्वतः फावडं घेतलं आणि पाट बुजवायला गेले.