पहारा सोडताना

लोकांचे पासवर्ड कसे फुटतात हे शोधणं, हे माझं पुण्यातलं पोटापाण्याचं काम. त्यामुळे गावी, कुंडलला गेले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी अण्णांचा फोन हातात घेते. अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लहानपणी त्यांचे हुकूम फार ऐकले, ती कसर मी अशी भरून काढते.

गावातल्या एका पेन्शनरला कुणीतरी फोनवरून गंडवलं, तेव्हापासून तर मी हात धुऊन मागे लागले. फोनला सहा आकडी कुलूप घातलं. दहा वेळा आकडा चुकला की फोन आपोआप कोरा होईल अशी सोय केली. फोटो आणि निरोप इंटरनेटवर साठत होते, तेही बंद केलं, कारण घरातलं घरात राहिलेलं बरं. वर बजावलं, "आकडा अधूनमधून बदलत जा. लिहून ठेवू नका, कुणाला सांगू नका."

"हात्तिच्या! फौजेत तर रोज बदलायचा," अण्णा म्हणाले आणि खरोखरच रोज सकाळी दाढी झाली की नवा आकडा घालू लागले. पहारेकऱ्यांचा परवलीचा शब्द रोज बदलतो, तसा. हे मी ऑफिसात मोठ्या कौतुकाने सांगत असे. आमच्या साहेबांनासुद्धा इतकी शिस्त नाही.

मग दिवाळीनंतर अण्णा तापाने पडले. फोन उचलेनात म्हणून मी धावत गावी गेले. ताप उतरला होता, पण ते खाटेवर फोन धरून बसले होते आणि चेहरा पार उतरला होता.

"आठ झालं," ते म्हणाले.

"काय आठ?"

"आठ येळा चुकला आकडा. परवा ताप चढला हुता तवा बदलला, आन् आता कायबी आठवंना."

"जाऊ दे ना अण्णा, नवा घेऊ फोन."

"तुजी आय हाय गं त्यात."

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून ती रानात गेलेल्या अण्णांना बोलून निरोप पाठवायची. रोज दुपारी ताटावर बसताना अण्णा त्यातला एक लावतात, हे मला त्या दिवशी कळलं. आईचा स्वतःचा फोन मीच कुणाला तरी देऊन टाकला होता, आणि देण्याआधी माझ्या शिस्तीप्रमाणे पुसून काढला होता. तिचा आवाज आता या एकाच फोनात उरला होता आणि दोन चुका बाकी होत्या.

"आतून उघडायची एकांदी युक्ती असंल की तुज्याकडं?" अण्णांनी विचारलं.

नव्हती. ती कुणाकडेच नसावी म्हणून तर मी सगळं केलं होतं. चोर कुठून येईल याचा केवढा विचार केला होता मी! ताप येईल, माणूस म्हातारा होईल, हे डोक्यातच आलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही येईना.

तेवढ्यात अण्णांचे मित्र तब्येत बघायला आले. तेही फौजेतलेच, नायक या हुद्द्यावर होते. रोज सकाळी दोघं मिळून ओढ्यापर्यंत फिरायला जातात. झालेलं ऐकून ते म्हणाले, "परवाचा आकडा न्हवं? मी बघाय आलो तवा सांगितलासा की मला." आणि सहा आकडे त्यांनी घडाघडा म्हणून दाखवले.

"काका, तुम्हाला कसा माहीत?"

"रोजचाच म्हाईत असतोय. पहारा सोडताना फुडच्याला सांगून जायाचं असतंय."

"आणि लक्षात राहतो?"

"सांगितल्यालं इसराय आमी काय सिव्हिलियन हाय व्हय?"

मी अण्णांकडे वळले. "कुणाला सांगू नका म्हटलं होतं ना?"

"आता ह्यो काय कुणी हाय व्हय?" अण्णा म्हणाले.

मी आकडा घातला. प्रत्येक आकडा दोनदा बघितला. फोन उघडला. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि जेवणवेळ नसतानाही एक निरोप लावला. "आवं, पिठलं केलंय. गार झाल्यावर मला बोलू नगा." काका उगाच दाराबाहेर बघू लागले. मी मात्र अण्णांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.

नंतर त्या निरोपांच्या प्रती मी माझ्या लॅपटॉपवर घेतल्या, एक पेनड्राइव्ह कपाटात ठेवला, आणि अण्णांच्या आग्रहावरून एक प्रत काकांच्या फोनातही घातली. काकांच्या फोनाला कुलूपच नाही. मी तो तसाच त्यांच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी यायची होती. त्यांनी विचारलं, "तुज्या फोनचा आकडा कुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले, सवयीने जरा ऐटीतच.

अण्णा हळूच म्हणाले, "एकलीच पहारा देतीयास व्हय गं?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन आकडा सांगितला. त्यांनी तो पाठ होईपर्यंत मी गाडीत चढले नाही.