कस्तुराबाईनं घेतलेलं नाव

करमाडच्या कस्तुराबाईच्या कपाळावरचं कुंकू बारा वर्षं लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिचा नवरा मुंजाबा मेंढरं विकायला लासूरच्या बाजारात गेला, तो परत आलाच नाही. रझाकारांनी मारला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ठरवणाऱ्यांचं काय जातं? कस्तुराबाई मात्र रोज सकाळी कुंकू लावायची, दिराची मेंढरं राखायची आणि रात्री तव्यावर एक भाकरी जास्तीची टाकायची. सकाळी ती शिळी भाकरी तीच खायची.

बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, अशी रीत. शिमगा झाला की येत्या अवसेला हे उरकून घ्यावं, असं दीर आप्पानं ठरवलं. आप्पा वाईट नव्हता, त्याला एकदाचं मोकळं व्हायचं होतं. पण पुतळा जळला की कस्तुराबाईचं कुंकू जाणार होतं.

अशात शेजारचा पुंजाराम औरंगाबादेहून धुळवड पाहून आला. तिथं गुलमंडीकडच्या एका गल्लीतून रंगपंचमीपर्यंत मुखवट्यांची सोंगं निघायची.

"वयनी, सांगू का नगं कळंना," तो म्हणाला. "त्यातला एक राक्षस गिरकी घ्यायच्या आधी डावा खांदा झटकितो. आपल्या मुंजाबावानी."

ढोलावर धनगरांचा गजी नाचताना मुंजाबा असाच खांदा झटकायचा, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. कस्तुराबाईचा जीव टांगणीला लागला.

रंगपंचमीला ती एकटीच रेल्वेत बसली. बाईमाणसानं एकटीनं शहरात जाऊ नये, हे सांगायला चौघी आल्या होत्या, सोबत यायला एकही नाही. स्टेशनापासून विचारत विचारत ती गुलमंडीला पोचली. रस्ता माणसांनी फुलला होता. जो तो दुसऱ्याला धरून रंग चोपडत होता. कस्तुराबाई दुपारभर एका दुकानाच्या पायरीशी उभी राहिली, पण तिच्यावर कुणी चिमूटभर रंग टाकला नाही. टाकणार तरी कोण? तिथं तिला ओळखणारं कुणीच नव्हतं, आणि ते तिला फार लागलं.

ऊन कललं तशी हलगी कडाडली. आधी गणपती आला, मागून वेताळ, आणि मग एकसारखे लाल मुखवटे घातलेले तीन राक्षस. दोघं नुसतेच उड्या मारत होते. तिसऱ्यानं डावा खांदा झटकला आणि गिरकी घेतली.

"अवं!" ती ओरडली. "अवं, ऐकता का!"

गर्दीतल्या पाच-सहा नवऱ्यांनी माना वळवल्या. राक्षस पुढं निघाला. आता हाक मारायची तर नाव घ्यायला हवं, आणि नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी ओठावर येऊ दिलं नव्हतं. तिनं पदर घट्ट धरला.

"मुंजाबाऽ!"

तिसरा राक्षस जागीच थांबला. वळला. कस्तुराबाई माणसं सारत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे तिच्याकडं बघत होते.

"घरी चला," ती म्हणाली. "काय बी इचारत नाय म्या. आवसंला तुमचा पुतळा जाळत्यात, माजं कुकू पुसत्यात. नुस्तं चला."

राक्षस हलला नाही. हलगीवाला वाजवतच होता. मग त्या लाल मुखवट्यानं हळूहळू मान हलवली. एकदा इकडं, एकदा तिकडं. नाही.

मागून रेटा आला आणि सोंगं पुढं सरकली. अजूनही तिला वाटत होतं, दुसराच कुणी असेल, बाईची गंमत करत असेल. ती चौकापर्यंत मागं मागं गेली. तिथं राक्षसानं पुन्हा गिरकी घेतली. या वेळी खांदा झटकला नाही. कस्तुराबाईला काय कळायचं ते कळलं. परक्या माणसाला आपली सवय लपवायची गरज पडत नाही.

दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा आप्पा अंगणात वाट बघत बसला होता.

"भेटला का वयनी?"

व्हय म्हटलं असतं तर कुंकू राहिलं असतं. आप्पा उद्याच चार माणसं घेऊन औरंगाबादेला गेला असता, मुंजाबाला बांधून घेऊन आला असता. आणि मग त्या माणसानं रोज तिच्यासमोर बसून जेवताना तशीच मान हलवली असती.

"नाय," ती म्हणाली. "ते आपलं मानूस नव्हतं. अवसेचं करून टाका, भावजी."

अवसेच्या सकाळी पळसाची पानं तोडायला ती स्वतः गेली. दुपारी पुतळा पेटला आणि अंगणातल्या बायांनी मेलेल्या मुंजाबासाठी गळा काढला. कस्तुराबाईही रडली. त्या सगळ्यांत ती एकटीच जित्या माणसासाठी रडत होती.