धम्मशीलानं पाठवलेली दुरुस्ती

धम्मशीलाची गोष्ट सांगते, पण आधीच सांगून ठेवते, मी शांत डोक्यानं सांगणार न्हाई. ज्याला शांत डोक्यानं पायजे त्यानं पेपर वाचावा. तिचा सत्कार झाल्याची बातमी फोटोसकट आल्ती त्यात. त्याच्या पुढचं एक अक्षर आलं न्हाई, म्हणून मी सांगायले.

मी सविता. आमचं दोन एकर रान तिच्या आबाच्या, नागनाथकाकांच्या, बांधाला लागून हाय. धम्मशीला पूर्णेच्या कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवती, रोज बसनं जाती-येती. चौतिशी गाठली, लग्न केलं न्हाई, अन त्याच्यावरून गावानं जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालंय. मला वैनी म्हणती. तिला कुणी काही बोललं तर ती गप बसती अन मी भांडते, अशी आमची वाटणी हाय.

आता पाण्याचं सांगते. येलदरी धरणाचं पाणी सिद्धेश्वर धरणात येतं, तिथून कालव्यानं आमच्याकडं. कालव्याच्या ज्या फाट्यावर आमचं गाव, त्याला आमी चारी म्हणतो. चारीवर रानात पाणी सोडायच्या चौदा मोऱ्या. एक नंबरची तोंडाला, चौदावी शेपटाला. तोंडाला बागायतदार. शेपटाला कोण, हे इचारायचीबी गरज न्हाई. बौद्धवाड्याची रानं, अन आमच्यासारखे दोन-दोन एकरवाले. पण जुन्या माणसांनी एक रीत घालून ठेवली होती, की पाण्याची पाळी शेपटापासून लावायची. आधी चौदा, मंग तेरा, असं वर वर जात एक नंबर शेवटी. माझा सासरा सांगायचा, तोंडाचा माणूस कवाबी वाकून पिऊ शकतो, शेपटाच्याला कुणी राखून ठेवलं तरच मिळतं. कालव्याला पाणी मोजकेच दिवस असतं. वरून सुरुवात केली की वरच्यांची तहान काही भागत न्हाई, अन खालच्यांची पाळी येईपर्यंत कालवा बंद.

दोन वर्षांमागं पाणीवापर संस्थेनं मोबाइलवर पाळी काढायचं ॲप घेतलं. फुकट होतं, म्हणून बन्सीधरतात्यांनी घेतलं. तात्या संस्थेचे अध्यक्ष, अन त्यांचं रान कुठं? एक नंबरच्या मोरीवर. ॲप पाळी लावायचं एकपासून. यंत्राला मोज म्हणलं की ते एकपासूनच मोजणार, त्याला काय कळती रीत. पहिल्याच साली शेपूट कोरडं राह्यलं. आमी भांडायला गेलो तर तात्या मोबाइल पुढं करून म्हणले, "मी कुठं काय ठरवलं? कॉम्प्युटरनं काढलंय. त्याला ना जात, ना भावकी."

बघा, किती सोयीचा कॉम्प्युटर. रीत मोडली यंत्रानं, पाणी पिलं तात्यानं, अन दोष कुणाचाच न्हाई.

धम्मशीलाबी तिथंच होती. घरी जाऊन तिनं ते ॲप कुणी बनवलं ते हुडकलं. ते निघालं ओपन सोर्स. तिनं मला चुलीपुढं बसून समजून सांगितलं, की ह्या ॲपचा कोड, म्हंजे ते कसं चालायचं ते लिहिलेला आतला सगळा मजकूर, कुणालाबी वाचता येतो. चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवता येती. ती घ्यायची का न्हाई हे ॲप राखणारे चार-पाच जण ठरवतात. कोण बंगळुरात, कोण पुण्यात, एक तर परदेशात. सगळे आपला रिकामा वेळ देतात, पगार न्हाई.

"मंग चांगली माणसं असतील," मी म्हणलं.

"चांगलीच हायत वैनी," ती म्हणली. "पाळी शेपटापासून लावा, एवढंच तर सांगायचंय त्यांना."

एवढंच. उन्हाळ्यात तिनं दुरुस्ती लिहून पाठवली अन पोळा होऊन गेला तरी ती तिथंच लोंबकळत. पहिल्यांदा म्हणले, कारण नीट इंग्रजीत लिहा. लिहिलं. मंग म्हणले, कोडच्या ओळी आमच्या पद्धतीनं आत सरकवलेल्या न्हाईत. सरकवल्या. मंग म्हणले, हे बरोबर चालतं याची चाचणी जोडा. जोडली. हितपर्यंत मला काही वाटलं न्हाई. ती म्हणली, दुसऱ्याच्या घरात भांडी लावायची तर त्यांच्या फळीनं लावावी, असंच असतं. पण मंग त्यांच्यातला मुख्य म्हणला, ही तुमच्या एका गावची रीत दिसती, ती सगळ्यांवर का लादायची?

लादायची म्हणे. एकपासून मोजायचं तुमी आमच्यावर लादलं, तवा कुणाला इचारलं होतं? तुमी केलं की ते साधं असतं, आमी केलं की लादणं होतं. मी तिला म्हणलं, हे असंच्या असं लिही त्याला. ती म्हणली, "वैनी, तिथं भांडून भागत न्हाई, पुरावा द्यावा लागतो." मंग तिनं दुसऱ्या कालव्यांवरच्या संस्थांना फोन लावले, कुठं कुठं शेपटापासून पाणी देतात ते गोळा केलं अन त्यांच्यापुढं मांडलं. कॉलेजच्या मधल्या सुटीत केलं, बसमधी केलं, जागा मिळाली तर बसून अन न्हाई मिळाली तर उभ्यानं. लोकांच्या पोरी मोबाइलवर काय काय बघतात, ही मोऱ्यांचं बघायची.

दिवाळीच्या तोंडावर दुरुस्ती घेतली गेली. पळतच आली ती रानात. ॲपला हातभार लावणाऱ्यांत तिचं नाव लागलं होतं, खाली त्या मुख्यानं आभार मानले होते, हृदयाचं चिन्ह टाकून. नागनाथकाकांना इंग्रजी येत न्हाई, पण लेकीचं नाव कोणतं ते त्यांनी बोट ठेवून दाखवायला लावलं. लय खुश झाले.

संध्याकाळी तिनं ती घेतलेली दुरुस्ती निवांत वाचून काढली, अन तिचं तोंड उतरलं. राखणाऱ्यांनी घेताना आपली एक भर घातली होती. शेपटापासून पाळी लावायचं त्यांनी एक बटण केलं होतं. चालू केलं तर शेपटापासून, न्हाई तर जुनंच, एकपासून. अन बटण मुळातच बंद. चालू कोण करणार? ज्याच्याकडं संस्थेचा पासवर्ड तो. म्हंजे तात्या. आपला हात जगन्नाथ.

तिनं त्यांना इचारलं, असं का केलं. ते म्हणले, दोन्ही बाजूंचा मान राखला.

दोन्ही बाजू म्हणे. एक बाजू पाणी पिती अन दुसरी वाट बघती, त्यांच्या मधोमध जो बसतो त्याला मी न्यायी म्हणणार न्हाई, मंग तो कितीबी गोड बोलू दे.

गावात मात्र एवढंच पोचलं, की धम्मशीलाचं नाव लागलं. संस्थेनं सत्कार ठेवला. तात्यांनी स्वतः शाल घातली, नारळ दिला, भाषण केलं, आमच्या गावची लेक म्हणले. बौद्धवाड्याच्या पोरीला आमची लेक म्हणायला तात्यांना आजवर जमलं नव्हतं, त्या दिवशी जमलं. धम्मशीला शाल पांघरून उभी राह्यली अन म्हणली, "तात्या, शाल मिळाली. आता सगळ्यांसमोर तेवढं बटण दाबा."

तात्या हसले. "पोरी, आज तुझ्या मानाचा दिवस हाय. कामाचं सभेत ठराव घेऊन करू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडं हारतुरे चालू असताना कुणी वाद घालत न्हाई. घातला तर तोच उर्मट ठरतो. ती परत बोलायला लागली तर मागून कुणीतरी म्हणलं, "बास की आता, एवढा मान दिला." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबायला शाल वापरलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अन खरा घात तिथंच झाला. घरी आल्यावर नागनाथकाका म्हणले, औंदा गहू पेरायचा. पाण्याचा भरवसा नसला की ते करडई टाकायचे, नायतर हरभरा, जमिनीतल्या वलीवर येईल ते. धम्मशीलानं हात जोडले. "आबा, बटण अजून बंद हाय. गहू नका घेऊ."

"अगं, साऱ्या गावापुढं शाल घातली त्यांनी," काका म्हणले. "ज्याला शाल घातली त्याचं पाणी कोण तोडतं?"

आमच्यातला जुना माणूस असाच चालतो. चारचौघांत मान दिला म्हंजे शब्द दिला, असं तो धरतो. पेरला त्यांनी गहू, उसनवारीनं न्हाई, घरचं चांगलं बी काढून. तात्यांना हे कळत नव्हतं असं कुणी मला सांगू नये. गावातच वाढलेला माणूस हाय तो.

ठरावाची सभा काही झाली न्हाई. एकदा माणसं भरली न्हाईत, एकदा तात्यांच्या साडूकडं लग्न निघालं. धम्मशीला त्यांच्या दारात जाऊन आली, तर "बघू" म्हणले. कालवा सुटला, पाळी एकपासून लागली. मी चारीच्या कडंनं चालत जाऊन बघायचे, पाणी कुठवर आलं. नवव्या मोरीच्या पुढं आलंच न्हाई. कालवा बंद झाला तवा काकांचा गहू ओंबीवर होता. दाणा भरायच्या टायमाला पाणी न्हाई, अन सगळं रान उभ्या उभ्या पांढरं पडलं. मी तात्यांच्या अंगणात जाऊन जे बोलायचं ते बोलून आले. बळी तो कान पिळी, हे तुमचं राज्य असंच चालायचं का, म्हणलं. ते आतून बाहेर आले न्हाईत. घरी नवऱ्यानं मला बोल लावला, ते येगळंच.

धम्मशीलानं अजून एक दुरुस्ती लिहिली. दोन-चार ओळींची. बटण मुळात बंद असतं, ते मुळात चालू असावं. ज्याला एकपासून पाणी घ्यायचंय त्यानं आपल्या हातानं बंद करावं, अन कुणी केलं ते सगळ्यांना दिसू द्यावं. खाली कारण लिहायची जागा असती. तिथं ह्या वेळी तिनं मराठीतच लिहिलं, "माझ्या वडिलांचा गहू वाळला. बटण बंद होतं म्हणून."

राखणाऱ्यांचं उत्तर लय लवकर आलं. वाचून वाईट वाटलं म्हणले. पण दुरुस्ती घेता येणार न्हाई, असं अचानक बदललं तर सध्या जे वापरतात त्यांना त्रास होईल.

नागनाथकाका ओट्यावर बसले होते, मीबी तिथंच होते. तिनं त्यांना ते उत्तर मराठीत करून सांगितलं.

"वापरणारे म्हंजे कोण?" काकांनी इचारलं.

"ज्यांच्या हातात ॲप हाय ते, आबा. बन्सीधरतात्या."

"अन पाणी वापरणारे?"

"त्यांना अजून त्यात धरलेलं न्हाई," ती म्हणली, अन परत लिहायला बसली.