अक्काने अडवलेला नाला

मंडळी, आज भाचीच्या हळदीसाठी भडगावजवळच्या खेड्यात, माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, आलेय. गेल्या पावसाळ्यात इथे पाऊस दोनदाच कोसळला आणि नाल्यातून वाहून गेला. गावातले बोअर कोरडे पडलेत. एवढ्या पाहुण्यांना पाणी कुठून आणायचं, या धास्तीने मी टँकरवाल्याचा नंबर शोधत होते.

"टँकर कसाले? हिरमा पानी शे ना!" अक्का विहिरीकडे बोट दाखवत हसली.

नव्वदच्या दशकात हीच विहीर आटली होती. रिमझिम कमी होऊन पाऊस असा एकदम पडू लागला होता, त्यामुळे जमिनीत मुरतच नव्हता. अक्काने हट्टाने नाल्याकाठची शेताची पट्टी पाणी अडवून जमिनीत मुरवणाऱ्या बांधासाठी दिली. "पिकती जमीन पानीमा घाली दिन्ही!" म्हणत भाऊजींनी अबोला धरला. बांध झाल्यावर पहिल्या वर्षी विहिरीत काहीच फरक दिसला नाही. अक्का एकटीच रोज डोकावून यायची. दुसऱ्या पावसाळ्यानंतर झरा फुटला, तेव्हा "अवं, पानी लागनं!" असं ओरडत भाऊजीच घरी धावत आले होते.

आज त्यांनी मोटार सुरू केली, हौद भरू लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तुमच्या गावात पडलेला पाऊस मुरतो कुठे? तिथे कुणी बांध घातलाय का?